दिएगोचा दहावा: कोल्हापूरच्या एका कीपरचं प्रकरण

हे प्रकरण डिसेंबर २०२० ते नोव्हेंबर २०२१ या काळातलं आहे. मी समुपदेशक आहे, आणि हे ज्याचं आहे त्यानं लिहायला परवानगी दिली आहे. वय, धंद्याचे काही तपशील, रकमा आणि घरातली माणसं थोडी बदलली आहेत. नावाऐवजी त्याला 'कीपर' म्हणतो. कोल्हापुरात या नावानं हाक मारली तर प्रत्येक पेठेत दोघं-चौघं तरी वळून बघतील, त्यामुळे ओळख उघडी पडायची भीती नाही. मसुदा त्याला वाचायला दिला होता. त्यानं एकच दुरुस्ती सांगितली, ती पुढे येईल.

पार्श्वभूमी

कोल्हापूरबाहेरच्या वाचकाला आधी थोडं सांगायला हवं. या गावात तालीम म्हटलं की लाल माती आठवते, पण तालमींचे संघ उतरतात ते फुटबॉलच्या मैदानात. पाटाकडील, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही नावं इथं आडनावांसारखी चिकटतात. शाहू स्टेडियमवर मोठी मॅच असली की पेठेतली दुकानं लवकर बंद होतात. वर्ल्ड कप आला की गाव अर्जेंटिना आणि ब्राझील असं उभं फाटतं, आणि चौकात हारजितीचे फ्लेक्स लागतात.

कीपर ४६ वर्षांचा. तरुणपणी नऊ सीझन तालमीच्या गोलात उभा राहिला, मग गुडघा गेला. उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप, पाच कामगार, फौंड्रीतून आलेल्या कास्टिंगवर जॉबवर्क. २०१९ मध्ये गाड्यांचा खप पडला तेव्हापासूनच काम आटलं होतं. मार्च २०२० मध्ये शटर ओढलं. मे महिन्यात पाचातले तिघं श्रमिक रेल्वेनं बिहारला गेले. बँकेच्या हप्त्यांना ऑगस्टअखेरपर्यंत सवलत होती, पण मशिनचं कर्ज तिथंच होतं आणि वर व्याज चढत होतं.

जूनमध्ये राहिलेल्या दोघांचा पगार भागवायला त्यानं मित्राकडून चाळीस हजार उसने घेतले. हा मित्र त्याच संघातला, त्याच्या पुढ्यात खेळणारा स्टॉपर. बारा-तेरा वर्षांचे असल्यापासून दोघं एकत्र. स्टॉपरची शाळेच्या मुलांची रिक्षा होती. शाळाच बंद, त्यामुळे जुलैत त्यालाही पैशाची नड आली. कीपरनं आज देतो, उद्या देतो केलं. शेवटी चौकात चारचौघांत स्टॉपर बोलला, "कीपर, हातातनं बॉल सुटला तर चालतंय, शब्द सुटू नये." त्या दिवसापासून अबोला.

सप्टेंबरात कोल्हापुरात कोरोनाचा कहर होता. स्टॉपर दवाखान्यात गेला आणि नवव्या दिवशी वारला. पंचगंगेच्या स्मशानभूमीत महापालिकेच्या कर्मचाऱ्यांनी अंत्यसंस्कार केले. घरचे दोघं-तिघं लांब उभे. कीपर गेला नाही. घरी फक्त "गेला बिचारा" म्हणाला आणि वर्कशॉपला निघून गेला. घरच्यांना वाटलं, गडी खंबीर आहे.

२५ नोव्हेंबर आणि पुढचे दहा दिवस

अर्जेंटिनाचा फुटबॉलपटू दिएगो मॅराडोना गेल्याची बातमी आपल्याकडे रात्री दहाच्या सुमारास आली. साठ पूर्ण होऊन महिनाही झाला नव्हता. तीन आठवड्यांपूर्वी मेंदूवर शस्त्रक्रिया झाली होती, मग ब्युनोस आयर्सजवळ भाड्याच्या घरात हृदय थांबलं. कीपर जेवत होता. ताटावरून उठला तो मोरीत जाऊन रडला. बायको सांगते, "सासरे गेले तवा सुदिक त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता."

त्या रात्रीपासून मोबाईल हातातून सुटेना. पार्थिव राष्ट्राध्यक्षांच्या कासा रोसादा या वाड्यात ठेवलं होतं. बाहेर मैलोन्‌मैल रांग, माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून हमसून रडताहेत, आणि तेही जगातल्या सर्वांत लांबलेल्या टाळेबंदींपैकी एक जिथं झाली त्या शहरात. नेपल्समध्येही कडक निर्बंध असताना लोक स्टेडियमपाशी मेणबत्त्या घेऊन जमले होते. कीपर हे पुन्हा पुन्हा बघायचा. पेठेतल्या पोरांनीही चौकात भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला. इथपर्यंत कुणाला काही वावगं वाटलं नाही.

४ डिसेंबरला, दहाव्या दिवशी, तो पहाटे एकटा पंचगंगेच्या घाटावर गेला आणि डोकं-मिशा उतरवून घरी आला.

आई दारातच मटकन बसली. घरात कुणी गेलेलं नसताना मुंडण म्हणजे अपशकुन. कुणीतरी फोटो काढला, तो तालमीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडला. खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे, 'नाद खुळा', 'पिंडाला कावळा शिवला काय रं?' कीपरनं ग्रुप सोडला.

समस्या नेमकी काय होती

बायकोनं मला जे सांगितलं ते जसंच्या तसं देतो, कारण पुढं कागदावर मी जे मोठे शब्द लिहिले त्यापेक्षा ते नेमकं आहे: रात्री तीनपर्यंत मोबाईल. सकाळी वर्कशॉपला जातो म्हणून जातो, पण शटर निम्मंच वर असतं आणि लेथचा आवाज नसतो. पूर्वी शनिवारी एक क्वार्टर, आता रोज, आणि एकट्यानं. मटण पुढ्यात ठेवलं तरी चिवडतो. मुलीवर कधी हात उगारला नव्हता, परवा मोबाईलचा चार्जर घेतला म्हणून अंगावर धावून गेला, आणि मग तिच्याच पायाशी बसून राहिला.

डिसेंबर २०२० मधलं हे चित्र काही जगावेगळं नव्हतं. त्या वर्षीची राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारी नंतर आली. देशात १,५३,०५२ आत्महत्या, दर दहामागे सात पुरुष, राज्यांमध्ये महाराष्ट्र १९,९०९ सह पहिला. व्यावसायिकांच्या आत्महत्या २०१९ मध्ये ९,०५२ होत्या, त्या ११,७१६ झाल्या. उद्यमनगरातली निम्मी शटरं खाली असताना हा आकडा कुठून आला असेल हे इथं कुणाला समजावून सांगायला नको.

घरच्यांनी काय काय करून पाहिलं

आईचं म्हणणं बाहेरचं काहीतरी असावं, जोतिबाला जाऊन या. थोरल्या भावाचं म्हणणं, दुर्लक्ष करा, आपोआप ठिकाणावर येईल, सिझन सुरू झाला की विसरेल. सिझन कधी सुरू होणार हे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनलाही माहीत नव्हतं, मार्चपासून मैदान बंद होतं. ओळखीच्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. रोज दारू घेणाऱ्या माणसाच्या हातात झोपेच्या गोळ्यांची अख्खी पट्टी देणं किती धोक्याचं, हे कुणी बोललं नाही. बायकोनं मात्र ती पट्टी तांदळाच्या डब्यात लपवली. का, ते तिलाही सांगता आलं नाही. 'जिवाला बरं वाटंना' एवढंच म्हणाली.

माझ्यापर्यंत तो आला मेहुण्यामुळे. 'बीपी बघायला चल' असं सांगून आणलं होतं. असं फसवून आणू नये हे मी नेहमी सांगतो. पण खरं सांगून किती पुरुष आले असते, याचा हिशेब मांडला तर मेहुण्याला दोष देववत नाही.

पहिली भेट आणि माझी चूक

१० डिसेंबर. दोघांच्या तोंडाला मास्क, मधे सहा फूट, खिडक्या उघड्या. नुकतं उतरवलेलं डोकं टोपीखाली. माझ्याकडे येणाऱ्याला एक कागद भरावा लागतो. त्यात एक रकाना होता: 'गेल्या वर्षभरात जवळच्या कुणाचा मृत्यू? नातं?' त्यानं लिहिलं होतं, 'हो. दिएगो.' नात्याची जागा कोरी.

मेहुण्यानं स्टॉपरबद्दल आधीच सांगितलं होतं. त्यामुळे वीस मिनिटांत मला सगळं 'कळलं'. मित्र गेला, रडता आलं नाही, ते रडणं या परदेशी खेळाडूच्या निमित्तानं बाहेर पडलं. पुस्तकात बसणारी गोष्ट होती. आणि मी ती त्याला ऐकवली. म्हणालो, "तुम्ही खरं तर मॅराडोनासाठी रडत नाही आहात. तुम्ही मित्रासाठी रडताय."

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग उठला. "सर, तुम्हाला फुटबॉल कळत न्हाई," एवढं बोलून गेला. फीचे पैसे टेबलावर ठेवून.

मी त्या दिवशी नोंदवहीत 'प्रतिकार' असा शब्द लिहिला. आता वाचताना लाज वाटते. ग्रुपवरची माणसं त्याच्या दुःखाला हसली होती. मी हसलो नाही, पण माझ्याही बोलण्याचा अर्थ तोच निघत होता: मॅराडोनासाठी शहाणा माणूस रडत नाही, तेव्हा खरं कारण दुसरंच असणार. त्याच्याजवळ तेव्हा तेवढं एकच दुःख होतं जे तो उघड बोलू शकत होता, आणि तेही मी खोटं ठरवलं.

इथं स्वतःबद्दल एक सांगतो. मी क्रिकेटचा माणूस. २४ सप्टेंबरला ऑस्ट्रेलियाचा फलंदाज डीन जोन्स गेला, मुंबईतल्या हॉटेलात, आयपीएलची कॉमेंट्री करायला आलेला असताना. १९८६ साली चेन्नईच्या उकाड्यात ओकाऱ्या काढत त्यानं २१० केले होते, ते मी शाळा बुडवून ऐकलं होतं. त्या रात्री मी गच्चीवर जाऊन तासभर बसलो आणि घरात कुणाला काही बोललो नाही. 'डोकं दुखतंय' म्हणालो. हे दहा डिसेंबरला मला आठवलं नाही. आठवलं असतं तर बरं झालं असतं.

हिशेबाची वही

बारा दिवस तो आला नाही, फोन उचलला नाही. मी दोनदा फोन करून थांबलो. माणसाच्या मागे लागू नये, असा आमच्याकडे संकेत आहे.

२१ तारखेला बायकोचा फोन आला, आणि आवाजात सुटका होती. "सर, सुधारणा हाय. जन्मात हिशेब न ठेवणारा माणूस, चार दिवस बसून दोनशे पानी वही लिवून काढली. कुणाकडनं किती यायचं, कुणाला किती द्यायचं. विम्याचे कागद कुठं ठेवल्यात ते पण दावलं. पोरीला म्हणाला, माझे ग्लोव्हज तालमीतल्या पोराला दे."

पहिलं वाक्य ऐकून क्षणभर मलाही बरं वाटलं. विमा आणि ग्लोव्हज ऐकले आणि हातातला चहा खाली ठेवला.

या ठिकाणी दोन रस्ते होते. एक, बायकोला सांगायचं की त्याला उद्या कसंही करून मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. दुसरा, मी स्वतः जायचं. समुपदेशकानं न बोलावता माणसाच्या कामाच्या जागी जाणं बरोबर नाही. त्याचा खासगीपणा मोडतो, चार माणसं बघतात. पण फसवून आणलेला माणूस दुसऱ्यांदा फसणार नव्हता. मी बायकोला त्या रात्री त्याला एकटं सोडू नका असं सांगितलं, सहकारी मानसोपचारतज्ज्ञांना फोन करून २३ तारखेची वेळ धरून ठेवली आणि जायचं ठरवलं.

२२ डिसेंबर, वर्कशॉप

त्याच रात्रीपासून शहरात अकरानंतर संचारबंदी लागणार होती. मी संध्याकाळी सहाला पोचलो. शटर निम्मं वर. आत ट्यूबलाइट, ऑइलचा वास, लेथवर धूळ. तो स्टुलावर. मला बघून उठला नाही, पण जा असंही म्हणाला नाही.

मी म्हणालो, "बरोबर बोलला होता तुम्ही. मला फुटबॉल कळत नाही. १९८६ च्या वर्ल्ड कपमधला दिएगोचा इंग्लंडविरुद्धचा तो दुसरा गोल मला समजावून सांगा."

त्यानं सरफेस प्लेट फडक्यानं पुसली. डब्यातून नट काढून मांडले. मोठे हेक्स नट इंग्लंडचे. एक पितळी बुश, तो दिएगो. एका टोकाला चकची चावी आडवी ठेवली. "हा शिल्टन, इंग्लंडचा कीपर."

"एन्रिकेनं बॉल दिला, हितं. स्वतःच्या हाफात. दिएगोची पाठ हाय गोलकडं. हितं गिरकी. बियर्ड्‌स्ली गेला, रीड गेला." बुश नटांमधून सरकत होता, तेलकट बोटाखाली, अगदी सावकाश. "हा बुचर. हा फेनविक. आता सगळी दिएगोकडं बघत्यात. मी बारा वर्षांचा होतो, तालमीत एक टीव्ही, रात्री साडेअकराला मॅच, पन्नास माणसं, सगळी दिएगोकडं बघत होती. मी एकटा शिल्टनकडं बघत होतो. मी कीपर ना. म्हटलं, पुढं येऊ नको, येऊ नको. तो आला. कीपरला यावंच लागतंय." बुश चकच्या चावीला वळसा घालून पलीकडे गेला. "चार मिनिटं आधी त्यानं शिल्टनच्या डोक्यावरनं हातानं गोल मारलेला. दिएगोपेक्षा वीतभर उंच माणूस शिल्टन, त्याच्यावरनं. रेफ्रीनं दिला. आणि मग हा. चोर म्हणायच्या आत देव झाला."

(दुरुस्ती ती हीच. मी मसुद्यात बुचरचं नाव एकदाच लिहिलं होतं. तो म्हणाला, "बुचरला दोनदा काढलंय, सर. सुरवातीला एकदा आणि शेवटी पाय घातला तवा. ते लिवा." लिहिलं.)

पाऊण तास त्यानं मला गोल समजावले. बेल्जियमविरुद्धचे दोन, मग १९९० च्या फायनलमधली पेनल्टी, मग १९९४ मध्ये उत्तेजक सापडून घरी पाठवलं ते. मी प्रश्न विचारत होतो, आणि ते खरे प्रश्न होते. मला खरंच माहीत नव्हतं. मास्कच्या वर त्याचे डोळे पहिल्यांदा जागे दिसले.

मग नट डब्यात भरताना मी विचारलं, सरळ: "वही लिहिलीत म्हणे. मरायचं मनात येतं का?"

असं थेट विचारलं तर माणसाच्या डोक्यात नसलेला विचार येईल, ही भीती अनेकांना वाटते. तसं होत नाही. उलट विचारणारा घाबरला नाही हे कळतं.

तो म्हणाला, "येतंय." थोड्या वेळानं, "कवापासनं कुणीतरी इचारावं असं वाटत होतं."

काय केलं

पुढचा भाग थोडक्यात सांगतो, कारण त्यात नवल काही नाही, फक्त ते वेळेवर झालं. त्याच संध्याकाळी त्याच्या परवानगीनं बायको आणि मेहुण्याला वर्कशॉपमध्ये बोलावून घेतलं. त्याच्यासमोरच बोललो, पाठीमागे काही नाही. वर्कशॉपची किल्ली मेहुण्याकडे, रात्री एकट्यानं तिथं थांबायचं नाही. दुसऱ्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञ. नैराश्याच्या नऊ प्रश्नांच्या चाचणीत २७ पैकी १९ गुण, म्हणजे तीव्रतेच्या उंबरठ्यावर. दाखल करायचं का, यावर चर्चा झाली. त्या दिवसांत दवाखाना म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे स्टॉपरचा वॉर्ड यायचा. घरी तीन माणसं आलटून पालटून जवळ राहू शकत होती आणि तो स्वतः 'काही वाटलं तर सांगतो' म्हणत होता, म्हणून घरीच ठेवायचं ठरलं. तीन दिवसांत फरक नाही पडला तर दाखल, हे त्यालाही स्पष्ट सांगितलं. गोळ्या आठवड्याच्याच मिळतील आणि बायकोकडे राहतील. दारू एकदम तोडली तर रोज पिणाऱ्याला झटके येऊ शकतात, म्हणून तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवत नेली.

घरच्यांना मी एक गोष्ट मागितली: दिएगोबद्दल बोलू द्या. 'त्या परक्या माणसासाठी' हे वाक्य घरातून बंद. मुलीनं पुढाकार घेतला. रोज रात्री जेवणानंतर एक क्लिप, एकच, तिच्यासोबत, आणि मग मोबाईल तिच्याकडे. घरबंदीच्या काळात दिवसाला काही आकारच उरला नव्हता, त्यात या एका क्लिपनं एक खुंटी ठोकली.

माझ्याकडे तो दर आठवड्याला यायचा. पेठेत सांगायचा, "सरांकडं मॅच बघायला चाललोय." मी हरकत घेतली नाही. पहिली वीस मिनिटं आम्ही खरोखरच मॅच बघायचो. ९ डिसेंबरला इटलीचा फुटबॉलपटू पावलो रॉसी गेला होता. त्याच्याबद्दल कीपरला फार काही वाटलं नव्हतं. "त्याचं वाईट वाटलं, दिएगोचं तसं न्हवतं," एवढंच म्हणाला. माझ्या 'कुठल्याही निमित्तानं रडू बाहेर आलं असतं' या मूळ तर्काला हा एक छोटा, पण पक्का धक्का होता.

उधारी

फेब्रुवारीत एकदा तो शिल्टनवर बोलत होता. मॅराडोना गेल्यावर शिल्टननं इंग्लंडच्या वर्तमानपत्रात मोकळेपणानं सांगितलं होतं की त्या हाताबद्दल त्यानं कधीच माफी मागितली नाही. हे कीपरनं वाचलं होतं. "चौतीस वर्षं होती हातात. एक फोन करायचा होता." आणि तिथंच तो थांबला.

मी गप्प राहिलो. डिसेंबरात मी नक्की बोललो असतो.

बऱ्याच वेळानं म्हणाला, "माझ्याकडं तर दोनच महिने होते." मग चाळीस हजार, चौकातलं बोलणं, सगळं पहिल्यांदा त्याच्या तोंडून आलं. शेवटी म्हणाला, "त्याच्या दारात कुठल्या तोंडानं रडायला जाणार होतो, सर? पैसे बुडवून? दिएगोचं माझ्याकडं काय देणं न्हवतं. तिथं मोकळेपणानं रडता आलं."

मी दहा डिसेंबरला जे ऐकवलं होतं तेच अखेर निघालं की, असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. मी म्हणालो होतो की दिएगोसाठीचं रडणं खोटं आहे. तो म्हणत होता की ते खरं आहे, आणि दुसरं अडकलं आहे ते का अडकलं हे त्याला ठाऊक आहे.

मग प्रश्न आला स्टॉपरच्या घरी जायचं का. कीपरला सगळे पैसे जमेपर्यंत थांबायचं होतं. भावाचं मत, चिठ्ठी-चपाटी काही नाही, विषय मिटला. मला भीती वेगळीच होती: स्टॉपरच्या बायकोनं दार लावून घेतलं तर? दोन भेटी आम्ही यावरच घालवल्या. तिनं काय म्हणावं अशी अपेक्षा आहे, आणि ती तसं म्हणाली नाही तर त्या रात्री तू कुठं असशील, कुणासोबत. शेवटी मार्चमध्ये तो बायकोला घेऊन, दहा हजार घेऊन गेला.

वहिनींनी चहा टाकला नाही. पैसे मोजले, दोनदा. म्हणाल्या, "ते हुते तवा आला असतास तर एवढंच बोलले असते, बस म्हणाले असते." क्षमा वगैरे काही मिळाली नाही. पण निघताना पुढचा हप्ता कधी, ते विचारलं. कीपरच्या दृष्टीनं ते पुष्कळ होतं. "म्हंजे परत या असंच की, सर."

दुसरी लाट

एप्रिल २०२१ मध्ये राज्यात पुन्हा निर्बंध, मे महिन्यात कोल्हापूर जिल्हा कडकडीत बंद. आमच्या भेटी फोनवर आल्या, आणि फोनवर त्याला बोलता येईना; घरात सगळे ऐकत असतात. दोन आठवडे त्यानं परत दारू घेतली. बायकोनं लगेच कळवलं, गोळ्यांचा डोस बदलला, आणि तो संध्याकाळी गच्चीवर जाऊन बोलू लागला. हे मला आधी सुचायला हवं होतं. पुरुषाला फोनवर 'कसं वाटतंय' विचारताना तो कुठं उभा आहे हे विचारायला मी त्यानंतर शिकलो.

११ जुलै, रविवार, सकाळी साडेसातला त्याचा फोन. त्या वेळेला त्याचा फोन म्हटल्यावर माझ्या छातीत धस्स झालं. "झोपलाय व्हय सर? कप आला!" रिओच्या मारकाना स्टेडियमवर अर्जेंटिनानं ब्राझीलला १-० हरवून कोपा अमेरिका जिंकली होती, दी मारियाचा गोल. मुलीनं पहाटे साडेपाचला त्याला उठवलं होतं. मी मॅच बघितली होती, हे सांगितल्यावर तो इतका खूश झाला की मला ओशाळल्यासारखं झालं.

नंतर महापूर आला, तो वेगळा विषय. वर्कशॉप आता तीन कामगारांवर चालतं. चाळीस हजार दिवाळीत फिटले. गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं कमी होत गेल्या. २५ नोव्हेंबरला त्यानं तालमीत जाऊन फ्लेक्ससमोर हार घातला, आणि ग्रुपवर परत आला. जुना फोटो कुणीतरी पुन्हा टाकला. त्यानं खाली लिहिलं, 'कावळा शिवला होता.'

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट म्हणजे ते वाक्य, त्याबद्दल वर लिहिलंच आहे. पण त्याहून मोठी चूक बारा दिवसांच्या शांततेची होती. उठून गेलेल्या माणसाच्या मागे लागू नये, हा संकेत घरी सुखरूप असलेल्या माणसासाठी ठीक आहे. रोज एकट्यानं पिणारा, कर्जात असलेला, आणि नुकतीच फजिती झालेला पुरुष उठून गेला, तर त्याच दिवशी घरच्यांशी बोलायला हवं होतं. निदान धोक्याच्या खुणा कोणत्या, ते सांगायला हवं होतं. बायकोला त्या आधी कळल्या असत्या तर वही उघडल्या दिवशीच फोन आला असता. पाचव्या दिवशी नाही.

दारू आणि झोपेच्या गोळ्या एकत्र होत्या, हे मी पहिल्या भेटीत विचारलंच नाही. तांदळाच्या डब्यानं मला वाचवलं.

वर्कशॉपमध्ये न सांगता जाण्याबद्दल सहकाऱ्यांत अजून मतभेद आहेत. मी परत जाईन, पण आधी मेहुण्यामार्फत निरोप धाडून. तेव्हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक नव्हता. आता आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं, आणि असा नंबर भिंतीवर लावला तर वर्कशॉपमधल्या पोरांनाही तो दिसतो. कीपरनं तो लेथच्या मागे, टूलिंगच्या फळीवर चिकटवला आहे. विचारणाऱ्याला सांगतो, पंपवाल्याचा आहे.

आणि तो माझा कागद. 'नातं?' हा रकाना मी काढून टाकला. आता तिथं 'कोण होते, ते सांगा' असं आहे, आणि खाली चार ओळी मोकळ्या सोडल्या आहेत.